अर्धा तास पुढे

जागृतीबेननी किल्ली दिली ती हळदीच्या हातानं.
"आवी गया? पातळा थई गया," म्हणाल्या.
कुंडीतला कढीपत्ता गेल्याचं
त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कुलूप निघालं.
आत घराला वास नव्हता कशाचाच,
रिकाम्या डब्याला असतो तेवढाच.
फ्रिजच्या दारात मीच कोंबलेलं वर्तमानपत्र, एप्रिलचं,
त्यात एप्रिलचं ऊन छापलेलं.
नळ आधी खोकला,
मग गंज आला, मग हवा,
मग आजव्याचं पाणी, ओळखीचं.

यांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले
आणि म्हणाले,
घड्याळ राहू दे. मी नाही लावत.

कॅल्गरी आणि बडोदं, मध्ये साडेअकरा तास.
काट्यांच्या घड्याळाला दिवस कळत नाही, रात्र कळत नाही,
त्याला दिसतो फक्त अर्धा तास.
बँकेत, दवाखान्यात, कारेलीबागेतल्या बाकावर
सगळे सांगतात,
काका, तुमचं घड्याळ पुढे आहे.
हे म्हणतात, असू दे.

पहाटे चारला दोघंही टक्क जागे.
खाली वॉचमनची खुर्ची करकरते.
यांच्या मनगटावर साडेचार,
म्हणजे तिथं पिवळी बस कोपऱ्यावर वळते आहे,
मिनू उतरते आहे, दप्तर एकाच खांद्यावर,
एक हातमोजा कुठंतरी पडलेला.
तिच्या गळ्यात दोरी, दोरीत किल्ली.
सहा महिने ती दोरी खुंटीला होती,
कारण दार उघडायला आम्ही होतो.
हे बोलत नाहीत. मीही.
बस निघून गेली असेल एवढा वेळ जाऊ देतो,
मग मी उठते, चहा टाकते.

या वेळेला मी थालीपीठ लावायचे,
वर चीजची पट्टी, तिच्या हट्टानं.
"आजी, अजून,"
एवढं मराठी तिचं पक्कं झालं.

माझं लाटणं तिथंच राहिलं.
विसरले, असं शैलेशला फोनवर सांगितलं.
इथं पोळ्या लाटते काचेच्या बाटलीनं,
गोल येत नाहीत, हे मुकाट खातात.
मांडवीत साठ रुपयांना मिळतं लाटणं.
आणते, म्हणते. उद्या आणते.

नवव्या रात्री झोप लागली,
सलग, दूधवाल्याच्या बेलपर्यंत.
उठून एकमेकांकडे पाहिलं,
घरात चोरी झालेली
आणि काय गेलं ते सापडत नाही, तसं.
चार वाजले होते, साडेचार वाजले होते,
बस येऊन गेली होती.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी
तिथले लोक घड्याळं तासभर मागे घेतात.
शैलेश म्हणाला, बाबा, आता साडेबारा तासांचा फरक हं.
बरं, म्हणाले हे.
मग पेन्शनच्या वहीच्या मागच्या पानावर
बराच वेळ वजाबाक्या.
इथल्यापेक्षा अर्धा तास पुढे,
तिथल्यापेक्षा पूर्ण एक.
चष्मा काढून मला म्हणाले,
या घड्याळानं पाहिलं तर आपण ढाक्यात राहतो.
ढाक्यात आपलं कोण आहे? मी विचारलं.
कुणी नाही, म्हणाले,
आणि हसायला लागले,
इतके, की जागृतीबेन दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्या संध्याकाळी रिक्षा करून मांडवीला गेलो.
लाटणं घेतलं, शिसवीचं, जरा जडच.
दुकानदारानं सुट्टे मोजता मोजता विचारलं,
काका, किती वाजले?
यांनी मनगट वर केलं, दिव्याखाली धरलं,
ओठ किंचित हलले,
आणि अर्धा तास वजा करून
अगदी बरोबर सांगितले.